लग्नात वाद्य किती माणसांचं लावावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लगीनसराई जवळ आली की कार्यालय ठरतं, आचारी ठरतो, पत्रिका छापायला जातात. वाद्याचं मात्र "बघू, ओळखीचा आहे एक जण" एवढ्यावरच राहतं. मग ऐन वेळी "एकवीस माणसं घेऊन या" असा फोन जातो. एकवीसच का, हे कोणी विचारत नाही. लोक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न आणि आमच्या अनुभवातली उत्तरं खाली दिली आहेत. वाद्याचा आकार जागेवरून आणि प्रसंगावरून ठरवावा, घराण्याचा मान त्यावर मोजू नये, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पाचशे पाहुणे आहेत. मग बँड किती माणसांचा लावावा?

पाचशेपैकी वरातीत चालणारे किती, ते आधी मोजा. घोड्यापुढे नाचणारे तीस-चाळीस असतात आणि मागून चालणारे फार तर शंभर. बाकीचे सरळ कार्यालयात जाऊन खुर्च्या धरतात. पत्रिकांच्या संख्येवरून बँड ठरवला की हमखास चुकतो.

एका कागदावर दिवसाचा क्रम लिहून काढा: हळद, मारुतीच्या देवळात जाणं (कुठे याला श्रीवंदन म्हणतात, कुठे परण्या), सीमांतपूजन, मुहूर्त, पंगती, रिसेप्शन, वरात. मग प्रत्येकापुढे लिहा: हे छताखाली आहे की उघड्यावर, लोक बसलेले असतील की चालत, आणि त्यांना एकमेकांशी बोलायचं आहे की नाचायचं आहे. एवढं लिहिलं की अर्धा निर्णय झाला. सगळ्या प्रसंगांना एकच ताफा पुरेल असं फार क्वचित होतं. सकाळी तीन माणसं आणि संध्याकाळी पंधरा, अशी विभागणी बहुतेक घरांना सोयीची पडते.

माणसं दुप्पट केली तर आवाजही दुप्पट होईल ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी जातात. सारख्याच ताकदीने वाजवणारे दहा वादक असतील आणि तुम्ही वीस केलेत, तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. फरक कळतो, पण फार नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला तो सुमारे १० डेसिबलने वाढावा लागतो, म्हणजे दहाचे शंभर वादक करावे लागतील.

अंतराचा परिणाम मात्र मोठा असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बँडपासून दहा मीटरवर नाचणाऱ्याला जेवढं ऐकू येतं, त्यापेक्षा बँडपासून चाळीस मीटरवर, मागे घोड्याजवळ चालणाऱ्या आत्याबाईंना १२ डेसिबलने कमी ऐकू येतं. "मागे काही ऐकू येत नाही, माणसं वाढवा" ही तक्रार इथूनच येते. पुढे दहा माणसं वाढवून मागचं ऐकू येणं जवळजवळ आहे तसंच राहतं. त्याऐवजी वरात आटोपशीर ठेवा, किंवा बँड पुढे आणि नवरदेवाजवळ हलगीवाले दोघे-तिघे, अशी वाद्यं विभागून लावा. खर्च कमी होतो आणि मागचेही नाचायला लागतात.

मग जास्त माणसं कशासाठी? सुरांच्या भरण्यासाठी. दोन ट्रम्पेट एकाच ओळीवर, खाली युफोनियम (जाड सुराचं पितळी वाद्य), मधे सॅक्सोफोन, असं झालं की गाणं भरीव होतं. शिवाय वादकांना आलटून पालटून दम घेता येतो. तास-दीड तास फुंकायचं असेल तर हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

वरातीचा बँड नेमका किती माणसांचा घ्यावा?

अर्धा-पाऊण तासाची, सोसायटीच्या फाटकापासून कार्यालयापर्यंतची वरात असेल तर अकरा माणसं पुरतात. आम्ही साधारण अशी मांडणी सुचवतो: क्लॅरिनेट एक, ट्रम्पेट दोन, सॅक्सोफोन एक, युफोनियम एक, साइड ड्रम दोन, मोठा ढोल एक, झांज एक, गायक एक आणि कीबोर्डवाला एक. यात क्लॅरिनेटवाला, म्हणजे बहुतेक वेळा मास्तर, कसा आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. तो कच्चा असेल तर बाकीच्या दहांनी कितीही जोर लावला तरी गाणं ओळखू येत नाही.

तासाभराच्या वरातीला पंधरा ते सतरा घ्या. वाढवताना आधी फुंकणारे वाढवा. एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन आणि एक सॅक्सोफोन वाढला तर कानाला फरक कळतो. चार ताशे वाढले तर सूर दबतात आणि मग गायकाला माइकवर ओरडावं लागतं.

एकवीस किंवा त्यापुढचा ताफा मोठा रस्ता, मोठं मैदान, गावातून फिरून येणारी लांब वरात, अशा ठिकाणी शोभतो. रांगेत दोन बाजूंना दिवे, मधे बँड, पुढे मास्तर हातवारे करत चाललेला, हे दृश्य देखणं असतं यात शंका नाही. पण त्याला जागा हवी. तीन-तीनच्या सात रांगा, दोन रांगांत दीड मीटर धरा, की नऊ-दहा मीटर झाले. मागे स्पीकरची ट्रॉली आणि जनरेटर धरून पंधरा मीटर. मग नाचणारे, मग बायका, मग घोडा. ही सगळी लांबी रस्त्यावर पायांनी मोजून बघा.

आमची गल्ली अरुंद आहे, पण मुलाकडच्यांना मोठाच बँड हवा आहे.

दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या गल्लीत बँड तीनच्या रांगेत चालूच शकत नाही. तो दोन-दोनच्या रांगेत लांबत जातो, पुढच्याचा ठेका मागच्यापर्यंत पोचत नाही आणि ताल फाटतो. भिंतींवरून आवाज उलटून येतो, त्यामुळे गल्लीत सात-आठ माणसांचा बँडही भरपूर वाटतो. मुलाकडच्यांना नुसतं "नको" म्हणू नका. आमच्या माहितीतला समजुतीचा मार्ग असा: गल्लीत फक्त संबळ-सनई किंवा हलगी ठेवायची, आणि मोठा बँड चौकात उभा करायचा. नवरदेव चौकात आला की बँड सुरू. मान राहतो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्रासही होत नाही.

एकवीस ठरवले होते, पण वाजवणारे बारा-तेराच वाटले. असं का होतं?

कारण आपण माणसं ठरवतो, वाजवणारे ठरवत नाही. दिवे धरणारे, ट्रॉली ढकलणारे, जनरेटरवाला आणि ड्रायव्हर यांना बरेच जण मोजणीत धरतात. दाट तिथीला आणखी एक प्रकार होतो. एकाच ताफ्याच्या त्या दिवशी दोन-तीन सुपाऱ्या असतात. मग चांगले वादक वाटले जातात आणि गणवेश चढवून, हातात वाद्य देऊन काही जण नुसते उभे केले जातात. सगळेच असं करतात असं मुळीच नाही, पण दाट तिथीला विचारून घेतलेलं बरं.

इसार देताना तीनच प्रश्न विचारा. सूर वाजवणारे किती? ताल वाजवणारे किती? त्या दिवशी दुसरी सुपारी आहे का? चांगला मास्तर याची उत्तरं बोटांवर मोजून देतो, त्याला राग येत नाही. शक्य असेल तर त्यांची दुसऱ्या कुठली तरी वरात लांबून ऐकून या. मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओत निवडक तीन मिनिटं असतात, आणि तुम्हाला तासभर ऐकायचं असतं.

सनई-चौघड्याला किती माणसं लागतात?

तीन ते पाच. मुख्य सनईवादक, दुसऱ्या सनईवर सूर धरणारा आणि चौघडा किंवा संबळ वाजवणारा, एवढ्यावर उत्तम काम होतं. पाच असतील तर साथीला आणखी एक सनई आणि तालाला एक जण वाढतो. त्यापुढे वाढवण्यात अर्थ नाही.

सनई मुळात उघड्यावरचं, नगारखान्यातलं वाद्य आहे. तिचा आवाज टोकदार आणि लांब जाणारा. बंद, गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये दोन सनया आणि वर स्पीकर लावला की तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे कान दुखतात. वादकांना प्रवेशद्वाराशी किंवा माडीवर बसवा आणि माइक शक्यतो लावूच नका. कार्यालय फारच लांबट असेल तर एक माइक, तोही हळू.

वादक जाणता असेल तर तो मुहूर्ताच्या वेळेप्रमाणे राग निवडतो. सकाळी तोडी, दुपारकडे सारंग, गोरज मुहूर्ताला पूरिया धनाश्री किंवा यमन. त्याला गाण्यांची यादी देऊ नका, मुहूर्ताची वेळ सांगा. सोलापूरकडची मंडळी असतील तर सुंदरीचीही चौकशी करा. सनईपेक्षा आकाराने लहान असं ते वाद्य छोट्या मांडवात फार गोड वाटतं.

बँड नको, आमच्याकडचंच पारंपरिक वाद्य लावायचं आहे. त्यात किती माणसं?

हा प्रश्न कोणी विचारला की आम्हाला मनापासून आनंद होतो. रायगड-रत्नागिरीकडे खालूबाजा आहे: सनई, ढोल, टिमकी आणि झांज, पाच ते आठ माणसांत बसणारा. कोल्हापूर-सांगलीकडे हलगी आणि घुमकं, सोबत सनई. दोन हलग्या, एक घुमकं आणि एक सनई एवढ्यावर अख्खं गाव नाचतं. नगर-नाशिककडे संबळ आणि पिपाणी. वाड्यापाड्यांवर तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, जो एकटाच पुरतो, कारण नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात.

ही सगळी वाद्यं कमी माणसांतच वाजावी अशी बांधलेली आहेत. हलगीचा खेळ दोघांच्या सवाल-जवाबात असतो. एक तोडा टाकतो, दुसरा तो उचलतो, घुमकं खालून ठेका सांभाळतं. तिथे "सहा हलग्या आणा" म्हटलं की तो सवाल-जवाब बुडतो आणि नुसता दणदणाट उरतो. चार जणांना बोलवा आणि त्यांना मोकळी जागा द्या. लोकांना कडं करून उभं राहायला सांगा. हलगी पावसात किंवा दमट हवेत सैल पडते, ती शेकून ताणावी लागते, म्हणून जाळ करायला एक कोपरा आणि चार काटक्या हाताशी ठेवा.

बँजो पार्टीचंही तसंच. मुंबई-ठाण्याच्या आगरी-कोळी हळदींत ती आता पक्की बसली आहे. बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ताशा, ढोल असे आठ-दहा जण पुरतात. आवाज स्पीकरमधूनच येतो, त्यामुळे माणसं वाढवून फक्त गाडीतली जागा जाते.

ढोल-ताशा पथक लग्नाला चालतं का?

नवरदेवाच्या किंवा नवरीच्या प्रवेशाला, उघड्यावर, पंधरा-वीस मिनिटं चालतं. आठ-दहा ढोल, दोन-तीन ताशे आणि झांजा एवढं पुरे. त्याहून मोठं पथक मिरवणुकीच्या रस्त्यासाठी असतं, कार्यालयाच्या अंगणासाठी नाही. छताखाली ढोल वाजवू नका. तान्ही मुलं, वयस्क माणसं आणि घोडा, तिघांनाही तो आवाज सोसत नाही. घोडा असेल तर पथक त्याच्यापासून लांब ठेवा, हे कळकळीने सांगतो.

रिसेप्शनला लाइव्ह बँड हवा आहे. किती जणांचा?

लोक जेवताना ऐकणार असतील तर दोन-तीन जण: गिटार किंवा कीबोर्ड, एक गायक आणि कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा तबला. बासरी-तबला-कीबोर्ड ही जोडणीही मराठी रिसेप्शनला छान जमते. स्टेजवर आहेर आणि फोटोंची रांग दोन तास चालते, पाहुणे बरेच दिवसांनी भेटलेले असतात, त्यांना बोलायचं असतं. अशा वेळी सात जणांचा बँड कितीही चांगला असला तरी तो नकोसा होतो.

लोकांनी नाचावं अशी इच्छा असेल तर चार ते सहा जण: ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड, एक गायक आणि एक गायिका. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्पीकरचा आवाज कमी करता येतो, ड्रमकिटचा नाही. शंभर-दीडशे माणसांच्या, कमी उंचीच्या हॉलमध्ये ड्रमकिट आलं की बाकीच्यांना त्याच्या वर वाजवावं लागतं. तिथे ऑक्टोपॅड किंवा कहोन घ्या. तीनशेच्या पुढे माणसं आणि लॉन असेल तर पूर्ण ड्रमकिट शोभतं, आणि तेव्हाच सॅक्सोफोन-ट्रम्पेट वाढवून सात-आठ जणांचा विचार करावा.

जागेचा हिशेब आधीच करा. नुसत्या ड्रमकिटला सहा फूट बाय सहा फूट लागतात. पाच जणांच्या बँडला सोळा फूट बाय बारा फुटांचं स्टेज हवं, आणि ते वधूवरांच्या स्टेजपेक्षा वेगळं. विजेची जोडणीही सजावटीच्या दिव्यांपासून वेगळी ठेवा, नाही तर स्पीकरमधून गुणगुण येत राहते.

गोव्यातल्या कॅथलिक लग्नात मात्र चित्र वेगळं असतं. तिथे संध्याकाळचा कार्यक्रम बँडच्या आधारानेच पुढे सरकतो. सूत्रसंचालक, टोस्ट, पहिलं नृत्य, मग सगळ्यांची नाचाची फेरी, आणि पाहुणे खरोखर नाचतात. तिथे पाच-सहा जण आणि वर एखादं-दोन पितळी वाद्यं हा खर्च योग्य जागी पडतो. वसईकडची मंडळीही हे चांगलं जाणतात.

रात्री दहाचा नियम बिनस्पीकरच्या वाद्यांनाही लागतो का?

लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकासोबत वाद्यांचाही उल्लेख त्यात आहे. सूट आहे ती सभागृह किंवा बँक्वेट हॉलसारख्या बंद जागेला, आतल्या आत. लॉन बंद जागेत मोडत नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती कमी आहे हे बँडजवळ उभं राहिलं की कळतं. शांतता क्षेत्र जाहीर असेल तिथे ढोल वाजवणं किंवा बँड लावणं हासुद्धा गुन्हा आहे, म्हणून वाटेत रुग्णालय आहे का ते पाहून मार्ग ठरवा आणि तिथून वाद्य थांबवून चालत जा. वरातीची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. वरात साडेनऊला संपेल असा बेत करा, म्हणजे उशीर धरून ती दहाच्या आत बसते.

लग्नात सिनेमाची गाणी वाजवायला परवाना लागतो का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ येतात, असं स्पष्टीकरणातच म्हटलेलं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. हॉलवाले पावती मागू लागले तर हे कलम दाखवा.

बजेट कमी आहे. काय कमी करावं?

आधी तास, मग माणसं, आणि कसब अगदी शेवटी. ट्रॉली, जनरेटर, गाडीभाडं हा खर्च अकरा माणसांना आणि एकवीस माणसांना जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे माणसं निम्मी केली म्हणून बिदागी निम्मी होत नाही. वरात दोन तासांवरून पाऊण तासावर आणली तर चांगल्या ताफ्यालाही कमी माणसांत काम करता येतं. आणि सकाळचे तीन सनईवाले कापू नका. दिवसभरात सगळ्यात जास्त लोक त्यांनाच ऐकतात.

अक्षता पडतात तेव्हा बाहेरचा बँड वेळेवर वाजत नाही. माणसं कमी पडतात का?

नाही, खूण कमी पडते. प्रत्येक मंगलाष्टक "शुभमंगल सावधान"नेच संपतं. बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या मास्तरला यातलं शेवटचं कोणतं हे कसं कळणार? त्यात मावशी, काकू आपापली रचलेली मंगलाष्टकं आयत्या वेळी घेऊन येतात. मास्तर एकदा चुकून मधेच वाजवतो, लोक रागावतात, आणि मग तो शेवटपर्यंत धजावत नाही. घरातला एक शांत मुलगा दारात उभा करा. त्याने गुरुजींकडे पाहायचं आणि अंतरपाट खाली येताच हात वर करायचा. या क्षणाला पाच-सहा माणसं भरपूर झाली, कारण आतून सनई आणि टाळ्याही त्याच वेळी सुरू होतात.

किती आधी ठरवावं आणि कागदावर काय असावं?

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि मे महिन्यातल्या तिथी सगळ्यात आधी भरतात. चांगल्या मास्तरची तारीख हवी असेल तर कार्यालय ठरल्याच्या आठवड्यात त्याला फोन करा. कागद साधा असू दे, पण त्यात सूर आणि ताल वाजवणाऱ्यांची वेगवेगळी संख्या, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, उशीर झाला तर जादा तासाचा दर, कोण मास्तर स्वतः येणार आणि इसार किती दिला, एवढं असलंच पाहिजे. उशीर बहुतेक वेळा आपल्याकडूनच होतो, तेव्हा जादा दराची ओळ वाचून नाराज होऊ नका.

वादकांच्या जेवणाचं काय करायचं?

आचाऱ्याला ताटं सांगताना ती धरून सांगा, आणि माणसं ठरवतानाच हा खर्च मोजा. फुंकणारे वादक वाजवण्याआधी पोटभर जेवत नाहीत, त्यांना आधी चहा आणि काहीतरी हलकं लागतं, जेवण नंतर. त्यांची पंगत शेवटची असते, म्हणून ताटं बाजूला काढून ठेवायला सांगा, नाही तर गोड आणि भजी संपलेली असतात. मे महिन्यात गळाबंद गणवेशात तासभर ट्रम्पेट फुंकल्यावर ओठ सुजतात. वरातीच्या मध्यावर दहा मिनिटं थांबा आणि पाण्याचे जार ट्रॉलीवरच ठेवा. नाचताना ओवाळलेल्या नोटा मास्तरकडे एकत्र जमा होतील आणि सगळ्यांत वाटल्या जातील, हे त्याच्याशी आधी बोलून घ्या. ढोलवाला मागे असतो, त्याच्यापर्यंत एरवी काही पोचत नाही.